चिमाच्या ओंजळीची घंटा

बसा सगळे जवळ. कुणाच्या हातात काही वाजणारं असेल तर ते खाली ठेवा, कारण ही गोष्ट आवाजाची आहे आणि मला मध्येच दुसरा आवाज चालत नाही.

फार वर्षांपूर्वी, इतक्या की ती वर्षं मोजायला कुणी बसलंच नव्हतं, घाटमाथ्यावर धुईवाडी नावाचं गाव होतं. गाव अजूनही आहे म्हणा. खाली कोकण, वर आभाळ आणि मध्ये ही पंधरा-वीस घरं. घरांपुढं काळ्या दगडाचा सपाट सडा, आणि सड्याच्या शेवटी कडा. वरून दगड टाकला तर तो खाली पडल्याचा आवाज कधी यायचाच नाही. आषाढ लागला की त्या कड्याखालून धुई चढायची. तुमचं ते सकाळचं धुकं नव्हे, चहा होईस्तोवर निघून जाणारं. ही धुई एकदा आली की चार महिने मुक्काम ठोकायची. त्या दिवसांत माणसाला स्वतःचा हात दिसायचा नाही. बायका भाकरी थापायच्या त्या चाचपून, आणि पाहुणा जेवूनखाऊन गेला तरी तो नेमका कोण होता हे घरात कुणाला सांगता यायचं नाही, असं म्हणतात.

मग ही माणसं जगायची कशी? कानांनी जगायची.

धुईवाडीची दौलत म्हणजे म्हशी. प्रत्येक घराची एक पुढची म्हैस असायची, आणि तिच्या गळ्यात काशाची घंटा. ती चालेल तिकडं बाकीची जनावरं चालायची. प्रत्येक घराच्या घंटेचा आवाज वेगळा. सकाळी म्हशी धुईत शिरल्या की राखणारा माणूस एका दगडावर बसायचा आणि नुसतं ऐकायचा. ही आपली, ही शेजारची, ती तिकडची जरा कड्याकडं सरकली, तिला हाक घाला. दिवेलागणीला बायका सड्याच्या तोंडाशी उभ्या राहून आपल्या घराचा आवाज कुठून येतो ते पाहायच्या. पाहायच्या असंच म्हणायचे तिथं, ऐकायच्या असं कुणी म्हणत नसे. एका घराचा आवाज दुसऱ्या घराला द्यायचा नाही, असा नियम मात्र कुणी कधी केला नव्हता. तसं कुणी करील असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

या सगळ्या घंटा ओतायचा हैबती ओतारी. ओताऱ्याचं काम कसं असतं ते ऐका. आधी मेणाची घंटा करायची. तिच्यावर मातीचा लेप द्यायचा. माती वाळली की ऊब द्यायची, म्हणजे आतलं मेण वितळून बाहेर येतं आणि घंटेच्या आकाराची पोकळी राहते. त्या पोकळीत तापलेलं कासं ओतायचं. ते निवलं की माती फोडायची. माती फुटल्याशिवाय घंटा हाती येत नाही, म्हणून एका साच्यातून दुसरी घंटा कधी निघत नाही.

आणि एक रीत होती. नवं कासं करताना तांबं आणि कथील तर लागायचंच, पण त्यात जुन्या फुटक्या घंटेचा एक तुकडाही पडायचा. त्या तुकड्याला विरजण म्हणायचे. दूध कितीही चांगलं असलं तरी विरजणाशिवाय त्याचं दही होत नाही, आणि कासं कितीही चांगलं असलं तरी जुन्याशिवाय ते बोलत नाही, असं हैबतीचं म्हणणं. ते खरं की खोटं मला माहीत नाही. मी फक्त एवढं सांगतो की त्याच्या घंटा बोलायच्या.

त्याच्या घंटेचा आवाज ऐकून पान्हा चोरणारी म्हैस दूध द्यायची, असं म्हणतात. एकदा बिबट्या गोठ्याशी आला आणि घंटा ऐकत बसला, तो ज्या कामाला आला होता ते विसरूनच परत गेला, असंही म्हणतात. आता बिबट्याला कुणी विचारलं, ते मला विचारू नका. हैबतीनं आपली सगळ्यांत चांगली घंटा मात्र कुणाला दिली नव्हती. ती त्याच्या दारावर टांगलेली असायची. वारा आला की ती हळूच बोलायची, आणि आतून त्याची बायको आवडाबाई, जिची दृष्टी तरुणपणीच गेली होती, ती म्हणायची, “हं, ऐकतेय.”

हैबतीची एकुलती एक लेक म्हणजे चिमा. लग्न झालं होतं, पण नवरा पटकीत गेला आणि ती माहेरी परतली. तिनं बापाकडून सगळं काम उचललं. सातव्या-आठव्या वर्षी मुशीतलं कासं तिच्या डाव्या हातावर सांडलं होतं. जीव वाचला, पण तळवा आक्रसला आणि करंगळी आत वळून बसली. त्या हातानं केलेलं मेण एका बाजूला कलायचं. म्हणून हैबतीनं तिला आपली मापाची काठी दिली. सागाची, हातभर लांब, वर खाचा पाडलेल्या. या खाचेपर्यंत घेर, या खाचेपर्यंत उंची. “काठीला धरून चाल,” तो म्हणायचा, “म्हंजे हात चुकणार न्हाई.” चिमा काठीला धरून चालली आणि तिचा हात कधी चुकला नाही.

मग एका वर्षी, धुई चढायच्या आदल्या दिवशी, हैबती गेला. भट्टीपुढं बसल्या बसल्या गेला, हातात भात्याची दोरी तशीच. गावानं त्याला पोचवलं, आणि परत येताना सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती. आता आपला आवाज गेला.

पहिल्या महिन्यात एका घरची घंटा चिरली. घरधनी चिमाकडं आला आणि म्हणाला, “हैबतीबाबाची होती तशीच दे गं पोरी.” चिमानं काठी घेतली, मेण केलं, माती केली, कासं ओतलं. माती फोडून घंटा हलवली तर तीच. तोच आवाज, तोच गोडवा, शेवटी तीच थोडी ओढ. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो गावात सांगत सुटला की हैबती कुठं गेलेला नाही, तो लेकीच्या हातात जाऊन बसलाय.

चिमाला केवढं बरं वाटलं असेल, विचार करा. बाप गेलेलं माणूस दिवसभर काय शोधत असतं? त्याची हाक शोधत असतं. हिला तर ती हाक स्वतःच्या हातानं काढता येत होती. एकेक घंटा पूर्ण झाली की चिमा ती वाजवायची आणि डोळे मिटून बसायची. कुणी म्हटलं, “चिमा, तुझी म्हणून एखादी कर की,” तर ती म्हणायची, “माजी कशाला? बाची हाय ना.” दोन वर्षांत तिनं जुन्या फुटक्यांच्या जागी कितीतरी घंटा केल्या, आणि त्यात एकही चिमाची नव्हती.

आता सगुणाचं ऐका. सगुणा ही चिमाची बालपणीची मैत्रीण, गावातच दिलेली. तिच्या लग्नात हैबतीनं तिला घंटा आंदण दिली होती. दारावरच्या घंटेखालोखाल गोड आवाज त्याच घंटेचा. ती सगुणाच्या मोरणी नावाच्या म्हशीच्या गळ्यात असायची, आणि मोरणी चालायला लागली की गावातली माणसं हातातलं काम थांबवायची. वरच्या आळीचा रावजी तर जरा जास्तच थांबायचा. त्याच्या म्हशी गावात सगळ्यांत जास्त, पण आवाज गोड सगुणाच्या घरचा, हे त्याला सलत होतं.

एके दिवशी तो चिमाच्या दारात येऊन बसला. म्हणाला, “चिमाक्का, मला मोरणीसारखी घंटा पायजे. सारखी म्हंजे अगदी तीच. फरक कळता कामा नये.”

ते करू नये हे चिमाला कळत होतं. पण मग तिला वाटलं, बा सड्यावर एकाच बाजूला का बोलावा? दोन्ही बाजूंनी बोलू दे. शिवाय, खोटं कशाला सांगू, तिला थोडा ताठाही आला होता. “फरक कळणार न्हाई,” ती म्हणाली.

चिमानं ती घंटा अशी केली की हैबतीलाही ती आपलीच वाटली असती. तिनं ती पहिल्यांदा वाजवली तेव्हा आवडाबाई आत तांदूळ निवडत होती. ती हातातलं सूप खाली ठेवून उठली, पदर डोक्यावर घेतला, दाराकडं तोंड केलं आणि म्हणाली, “आलात?”

चिमानं घंटा चटकन हातानं धरून थांबवली. पण खरं सांगू का, त्या क्षणी तिला भीती वाटली नाही, आनंद झाला. आपल्याला सगळं साधलं असं तिला वाटलं. भीती वाटायला हवी होती.

रावजीनं ती घंटा आपल्या पुढच्या म्हशीच्या गळ्यात बांधली. त्या आषाढात धुई चढली ती नेहमीपेक्षा दाट. कुत्र्यांनी तिच्यावर भुंकून पाहिलं आणि भुंकणं तोंडापुढंच विरलेलं पाहून ती गप्प बसली, असं म्हणतात. चौथ्या दिवशी दुपारी मोरणी उशीर करते आहे असं सगुणाला वाटलं. घरात चार महिन्यांची तान्ही लेक होती, तिला सासूच्या मांडीवर ठेवून सगुणा सड्यावर गेली. ती काही वाट चुकणारी बाई नव्हती. लग्नापासून ती त्याच आवाजामागं चालत आली होती.

उजवीकडून घंटा वाजली. ती उजवीकडं वळली. तेवढ्यात डावीकडून वाजली, तीच. ती थांबली. मग समोरून. मग पुन्हा डावीकडून, आता जरा खाली. मोरणी एकाच वेळी सगळीकडं चरत होती. रावजीच्या म्हशींचंही तेच झालं, अर्ध्या मोरणीच्या मागं लागल्या आणि त्या गोंधळात तीन कड्यावरून गेल्या. त्या पडल्याचा आवाज आला नाही. तिथं येतच नसे, ते मी मघाशी सांगितलं.

संध्याकाळी बाकीच्या म्हशी परत आल्या. मोरणी आली. सगुणा आली नाही.

गाव सड्याच्या तोंडाशी जमला. हाका मारल्या, पण माणसाची हाक त्या धुईत चार पावलांवर बसून जायची. काशाचाच आवाज काय तो लांब जायचा. म्हणून लोकांनी घराघरांतून घंटा आणल्या आणि रात्रभर, दुसरा दिवसभर वाजवल्या. सगुणा आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सगुणाचा सासरा, जो कधी फार बोलत नसे, तो म्हणाला, “कशी यील? ज्या ज्या घंटा आपण वाजवतोय त्या तिला म्हशींच्याच वाटत असणार. म्हशीमागं जायचं तर ती कड्याला जायची. पोर शहाणी हाय. ती एका जागी बसली असणार.” मग म्हणाला, “पर पावसात किती बसंल?”

चिमा तिथंच उभी होती. सासूच्या मांडीवर ती तान्ही रडत होती, आणि आळीपाळीनं दोघी-तिघी बाया तिला पाजत होत्या. चिमाकडं कुणी पाहिलं नाही. कुणी पाहिलं असतं, चार शब्द बोललं असतं, तर तिला सोपं गेलं असतं.

सगुणाला परत आणायचं तर तिनं जन्मात कधी ऐकली नाही अशी घंटा वाजायला हवी. ती ऐकून तिला कळेल की ही कुठल्या म्हशीची नव्हे, ही मला बोलावायला कुणीतरी मुद्दाम वाजवतंय. हे चिमाला तिथंच कळलं आणि ती घराकडं धावली.

तिनं मेण घेतलं, काठी घेतली, घंटा केली. चिमाला मेण पाहूनच आवाज ऐकू यायचा, असं म्हणतात. तिनं पाहिलं तर ती बापाची घंटा. मोडली. पुन्हा केली. पुन्हा बापाचीच, दुसरी कुठलीशी. तिनं घेर बदलला, उंची बदलली, पण जी खाच धरावी ती बापानंच पाडलेली. तिसऱ्यांदाही मोडली. दारावरची घंटा वाऱ्यानं हळूच बोलत होती आणि तिचे हात ते ऐकत होते. चिमाचे कान तिच्या हातांत होते आणि ते कान दुसरं काही ऐकायला तयार नव्हते.

शिवाय घरात कासं उरलं नव्हतं. सगळं रावजीच्या घंटेत गेलं होतं. एकच घंटा उरली होती, दारावरची.

चिमानं ती उतरवली. आवडाबाईला आवाज थांबलेला कळला. “पोरी,” ती म्हणाली, “ती फोडलीस तर तुज्या बाचं मागं काय ऱ्हाईल गं?”

चिमा म्हणाली, “आये, काय न्हाई ऱ्हायचं.” आणि ती रडायला लागली. बाप गेला तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. तेव्हा तिला माहीत होतं की त्याला परत आणायची युक्ती आपल्याजवळ आहे. आता ती युक्ती तिला आपल्या हातानं मोडायची होती.

तिनं घंटा तापवली, दगडावर ठेवली आणि घाव घातला. घंटा दुभंगली. फुटलेल्या कडेचा रंग सगळीकडं एकच होता, पिवळसर. फक्त एका ठिकाणी हरभऱ्याएवढा लाल ठिपका होता, बोटाला खडबडीत लागणारा, वेगळ्याच काशाचा, न विरघळता तसाच राहिलेला. चिमानं आईचं बोट धरून त्यावर टेकवलं. काय आहे हे?

आवडाबाईनं बराच वेळ बोट फिरवलं. “हे त्येच्या गुरूचं,” ती म्हणाली. “धाऊबाबाचं. तुजा बा पोरगा असताना खाली कोकणात त्येच्यापाशी शिकला. धाऊबाबा मेला तवा त्येची फुटकी घंटा ह्यो घेऊन आला. पयली घंटा केली ती हीच, ह्यो तुकडा घालून. तवा गावात धाऊबाबाच्याच घंटा हुत्या. आनि गावानं काय म्हटलं ठावं हाय? म्हटलं, धाऊबाबासारकी न्हाई. वर्सभर रुसला हुता तुजा बा.” आणि त्या सगळ्या दुःखात आवडाबाईला हसू आलं.

चिमा त्या लाल ठिपक्याकडं बघत राहिली. म्हणजे ज्या आवाजाला ती बापाचा म्हणत होती त्याच्या पोटात आणखी एक माणूस बसला होता, आणि त्याच्या पोटात कदाचित आणखी कुणी. आणि तरी बापाची घंटा बापाचीच होती. त्यानं तुकडा गुरूचा घेतला होता. काठी गुरूची घेतली नव्हती. काठी त्यानं स्वतः तासली होती.

तिनं सागाची काठी उचलली आणि भट्टीत सारली. काठी जुनी, वाळलेली, ती चटकन पेटली.

मग तिनं मेणाचा गोळा घेतला आणि माप म्हणून आपल्या दोन्ही हातांची ओंजळ केली. उजवा तळवा सरळ, डावा आक्रसलेला, करंगळी आत वळलेली. जन्मभर तो हात तिनं लपवला होता. मेण त्या ओंजळीत जसं बसलं तसं बसू दिलं. एक बाजू फुगलेली, एक बाजू दबलेली, काठावर करंगळीची खोबण. अशी घंटा कुणी पाहिली नव्हती. तिनं त्या मेणाकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच तिला मेण पाहून काहीही ऐकू आलं नाही.

चार दिवसांत वाळणारी माती तिला दुपारपर्यंत वाळवायची होती. गावातल्या बायांना कळलं तशा त्या आल्या. कुणी निखारे आणले, कुणी गरम राख आणली. एकीनं तो मातीचा गोळा पदरात घेऊन पोटाशी धरला, ती दमली की दुसरीनं. सगुणाच्या सासूनं एका मांडीवर नात घेतली आणि दुसऱ्या मांडीवर तो गोळा, असं म्हणतात. रावजी खाली मान घालून आला आणि भाता ओढायला बसला. आपल्या म्हशीच्या गळ्यातली घंटा त्यानं आणली होती. चिमानं ती फोडून मुशीत टाकली. बापाची दारावरची घंटा टाकली, लाल ठिपक्यासकट. मुशीत ते सगळं एकाच रंगाचं झालं.

दुपारी माती फोडली. घंटा मळकट होती, वाकडी होती. चिमा ती घेऊन सड्याच्या तोंडाशी गेली, मागं सगळं गाव. तिनं घंटा वाजवली.

आवाज घोगरा आला. गोड तर मुळीच नव्हता. झोपेतून उठलेली बाई पहिला शब्द बोलते ना, तसा. मागच्या लोकांत कुणीतरी निराशेनं श्वास सोडला. चिमा वाजवत राहिली.

आणि मग, असं म्हणतात, गोठ्यांतल्या साऱ्या म्हशींनी एकदम माना वर केल्या. धुईत एक फट पडली. एका माणसापुरती, दोन हात रुंद, चिमाच्या पायांपासून पार आतपर्यंत. घंटेचा एकेक ठोका त्या फटीतून चालत गेला आणि जाता जाता धुई बाजूला सारत गेला. बेडूक ओरडायचे थांबले, पाऊस पडत होता तो पडतच होता पण त्याचा आवाज येईना. किती वेळ गेला कुणास ठाऊक. चिमाचा हात भरून आला, तिनं हात बदलला. आणि त्या फटीच्या टोकाशी एक लुगडं दिसलं.

सगुणा चालत आली. ओठ निळे, पाय फुटलेले, पण चालत आली. तिनं आधी लेक घेतली, छातीशी लावली, आणि मग म्हणाली, “वळकीच्या समद्या घंटा मला कड्याला बोलवत हुत्या. कानांत बोटं घालून बसले हुते. मग ही आली. म्हटलं, ही कोन? हिला तर मी वळखतच न्हाई.” तिनं चिमाकडं पाहिलं. “म्हनून आले.”

आता गंमत ऐका. माणसाची जात कशी असते बघा. आठच दिवसांनी चिमाच्या दारात पाच घरधनी उभे. काय पाहिजे? तसली घोगरी घंटा पाहिजे. धुई फाडणारी. चिमा इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग तिनं सांगितलं, “घंटा देते. पर विरजनाला जुना तुकडा आना आनि घरातलं एक मानूस आना. मेन त्येच्या वंजळीत बसंल. माज्या न्हाई.”

तेव्हापासून धुईवाडीत तसंच झालं. कुणाची ओंजळ रुंद, कुणाची खोल, कुणाचं बोट तुटलेलं. घंटा काही सगळ्या गोड झाल्या नाहीत. काही तर कानाला चांगल्याच लागायच्या. पण त्यानंतर सड्यावर कुणी हरवलं नाही. सगुणाची ती तान्ही लेक मोठी झाली आणि चिमापाशी काम शिकली, आणि तिचं पहिलं मेण पाहून चिमा म्हणाली, “माज्यासारकं न्हाई झालं.” ती पोर रुसली. चिमानं तिला रुसू दिलं.

पण एक राहिलंच. त्या दिवशी सगुणाला घरी पोचवून चिमा परत आली तेव्हा दारावरची जागा रिकामी होती. आवडाबाई उंबऱ्यात बसली होती. चिमानं वाकडी घंटा आईच्या हातात दिली. आवडाबाईनं ती चाचपली, करंगळीच्या खोबणीत आपलं बोट घालून पाहिलं, मग एकदाच वाजवली. “हा तुजा बा न्हवं,” ती म्हणाली. चिमानं मान खाली घातली. आवडाबाई मात्र अजून ऐकतच होती. आवाज बारीक झाला, अगदी केसाएवढा झाला, आता संपला असं वाटलं, आणि तेव्हा म्हातारीनं पदर डोक्यावर घेतला.

“थांब,” ती हळूच म्हणाली. “संपता संपता हाय तो.”

चिमा पुढं खूप वर्षं जगली. एका आषाढात ती आपली घंटा घेऊन धुईत गेली आणि परत आली नाही. ती हरवली असं गावात कुणी म्हणत नाही. सडा आणि कडा यांच्यामध्ये जिथं कुणी चुकेल तिथं ती बसली आहे, असं म्हणतात.

तुम्ही धुईवाडीला गेलात तर आषाढाच्या पहिल्या दिवशी जा. त्या वर्षीच्या नव्या घंटा तेव्हा गोठ्यांपुढं वाजवतात. एखादी म्हैस तो आवाज ओळखून मान वळवून चालायला लागली, तर ती घंटा फोडून पुन्हा मुशीत जाते. राग कुणी मानत नाही. माझ्या घरची दोनदा गेली होती. सगळ्या म्हशी नुसत्या माना वर करून, ही कोण, अशा उभ्या राहिल्या, की मग घंटा गळ्यात बांधतात. पण बांधायच्या आधी ती एकदाच जोरात वाजवतात आणि सगळा गाव गप्प होतो. तान्ह्या मुलांनासुद्धा कसं कळतं कुणास ठाऊक. बायका डोक्यावर पदर घेतात. आवाज बारीक होत जातो, आणि तो पुरता संपेपर्यंत तिथं कुणीही बोलत नाही.